खिडकीची मूठ

गतवर्षीं श्रावणांतील एका दुपारीं पंचांग पाहण्याकरितां मी वहिनींच्या खोलींत गेलों असतां मला तेथें विलक्षण कोंदटपणा जाणवला. बाहेर पावसानें नुकतीच उघडीप दिली होती, ओसरीवर वाऱ्याची सुरेख झुळूक येत होती. परंतु खोलीची एकुलती एक खिडकी मात्र घट्ट बंद होती. उघडावयास जातों तों मुठीच्या जागीं दोन काळवंडलेलीं भोंकें, आणि त्यांतून ओंवून चौकटीच्या कोयंड्यास बांधलेली सुतळीची गांठ! “वहिनी, हें केव्हांपासून?” असें विचारतां माळ ओढतां ओढतां त्या सहज म्हणाल्या, “दोन पावसाळे झाले असतील, भावोजी. मूठ निघाली तेव्हां तुम्ही दवाखान्याच्या धांवपळींत होतां. म्हटलें, एवढ्याशा गोष्टीसाठीं कशाला सांगायचें? वारा काय, पंखा लावला कीं येतोच.”

हें ऐकून मला जी शरम वाटली ती मुठीबद्दल नव्हती. घरांत लहानथोर मिळून आम्ही अकरा माणसें; त्यांतील प्रत्येकजण दिवसांतून एकदां तरी त्या खोलींत डोकावतो; आणि तरीहि ब्याऐंशी वर्षांच्या, संधिवातानें बोटें आंखडलेल्या एका वडील बाईनें दोन पावसाळे बंद खिडकीआड काढले हें कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. तरुण माणूस मोडकी खिडकी एक हिसका देऊन उघडतो व पुढें जातो. ती मोडली आहे असें त्यास वाटतच नाहीं. ज्याच्या हातांत हिसका देण्याचें बळ उरलेलें नसतें त्यालाच मुठीची खरी गरज असते, आणि नेमका तोच मागावयास संकोचतो.

संस्कृतांत खिडकीस वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. आणि गवाक्षहि म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. अमरकोशांत हीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं आलीं आहेत. एका नांवांत श्वास आहे, दुसऱ्यांत दृष्टि आहे. आमच्या घरीं चार आण्यांच्या सुतळीनें एका माणसाचे हे दोन्ही मार्ग बंद झाले होते. त्या खिडकीच्या निमित्तानें, कांहींशा फजितीनंतर, मी जें शिकलों तें इतर कुटुंबांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रथम फजितीची हकीकत सांगितली पाहिजे. दुसऱ्याच दिवशीं मीं कामशेतच्या बाजारांतून पितळेची एक झगझगीत मूठ आणली, जुन्या भोंकांतच दोन स्क्रू पिळले, आणि स्वतःवर प्रसन्न होऊन बसलों. पंधरा दिवसांत मूठ हलूं लागली. विसाव्या दिवशीं ती वहिनींच्या हातांत आली. दुकानदारानें हलका माल दिला असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालों. इतक्यांत दुसऱ्या एका कामासाठीं गांवांतील एक वृद्ध सुतार घरीं आले होते. त्यांनीं मुठीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. झडपेची मोकळी कड दोन बोटांनीं धरून त्यांनीं ती हलकेंच वर उचलली; ती चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर गेली. “गुरुजी,” ते म्हणाले, “मुठीला कशाला दोष देतां? झडप उतरलीय.”

निमित्त नाहींसें झालें म्हणजे नैमित्तिकहि नाहींसें होतें, असा वैयाकरणांचा एक न्याय मीं विद्यार्थिदशेंत पाठ केला होता. परंतु घरच्या खिडकीस तो लावून पाहावा हें मला सुचलें नव्हतें. मोडलेली मूठ हें बहुधा लक्षण असतें. रोग अन्यत्र असतो. ह्या लेखांतील मुख्य मुद्दा एवढाच आहे.

रोग कोठें आहे?

खिडकीच्या अंगावर जे धातूचे अवयव असतात त्यांचीं कामें वांटलेलीं आहेत. बिजागरी झडपेचा भार वाहते; बोल्ट अथवा कडी झडप मिटलेली ठेवते; आंकडी ती उघडी धरून ठेवते व वाऱ्याबरोबर आपटूं देत नाहीं; आणि मूठ केवळ ओढण्यासाठीं असते. एकत्र कुटुंबाप्रमाणेंच येथेंहि एकानें आपलें काम सोडलें कीं तें निमूटपणें दुसऱ्यावर पडतें, आणि शेवटीं मोडतो तो दुसराच.

झडप एका बाजूनें टांगलेली असते. त्यामुळें तिच्या वजनानें वरची बिजागरी चौकटीपासून बाहेर खेंचली जाते, तर खालची आंत दाबली जाते. म्हणून वरच्या बिजागरीचे स्क्रू नेहमीं आधीं ढिले होतात. ते किंचित् सुटले तरी झडपेची मोकळी कड खालीं उतरते, आणि बोल्टाचा दांडा आपल्या भोंकासमोर येईनासा होतो. मग आपण काय करतों? मूठ धरून झडप वर उचलतों आणि दुसऱ्या हातानें बोल्ट सारतों. ओढण्यासाठीं बसविलेली मूठ अशा रीतीनें दिवसांतून चार वेळां झडपेचें सगळें ओझें उचलूं लागते. ती किती दिवस टिकणार?

ह्यावरून परीक्षेची रीत आपोआप ठरते. झडप अर्धी उघडावी, मोकळी कड धरून हलकेंच वर उचलावी, व त्या वेळीं दृष्टि बिजागरीवर ठेवावी. स्क्रूचें डोकें लांकडांत हलत असेल, तर स्क्रूचें भोंक झिजलें आहे. स्क्रू स्थिर असून बिजागरीचीं दोन पानें एकमेकांवर खालींवर होत असतील, तर तिची मधली खीळ झिजली आहे. कांहींच हलत नसेल, तर बिजागरी निर्दोष समजून दोष लांकडांत शोधावा.

दुसरी परीक्षा घासण्याच्या जागेची. झडपेच्या कडांस शाळेंतील खडू फांसावा, झडप एकदां मिटून उघडावी, आणि चौकटीवर खडू कोठें उमटला तें पाहावें. खालच्या कडेस, बोल्टाकडील कोपऱ्यांत खूण उमटली, तर झडप उतरली आहे. उभ्या कडेवर वरपासून खालपर्यंत उमटली, तर लांकूड फुगलें आहे. पहिल्या दोषावर उपाय आज करतां येतो. दुसऱ्यासाठीं थांबावें लागतें, आणि त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे.

लांकूड आणि पाऊस

लोणावळ्यास वर्षांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यास सातशेंच्या आसपास. आमचें कान्हे ह्या दोहोंच्या मध्यें. मावळांत राहणारास खिडकीचा स्वभाव शिकविण्याची गरज नाहीं. आषाढांत ती हटून बसते आणि माघांत खडखड वाजते. लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें व ती सोडून आकसतें. परंतु तें सर्व दिशांनीं सारखें फुगत नाहीं. रेषांच्या दिशेनें, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेनें, होणारा फरक जवळजवळ नसल्यासारखा असतो. रेषांस आडवा होणारा फरक मात्र चांगलाच जाणवतो. झडपेच्या बाजूच्या उभ्या पट्ट्या उंचीच्या दिशेनें बसविलेल्या असल्यामुळें झडप पावसाळ्यांत रुंदीनें वाढते, उंचीनें नाहीं. म्हणूनच बाजूस घासली तर पाऊस, खालीं घासली तर बिजागरी, असा निवाडा करतां येतो.

फुगलेली झडप पाहून पुष्कळजण भर पावसाळ्यांत तिच्यावर रंधा चालवितात. ही मोठी चूक आहे. ओल्या लांकडावरून जेवढें तासावें तेवढी फट हिवाळ्यांत उघडी पडते, आणि पुढल्या वर्षीं तींतूनच पावसाची झड आंत येते. श्रावणांत जेथें घासतें तेथें फक्त पेन्सिलीनें खूण करावी, आणि मार्गशीर्ष-पौषांत लांकूड वाळल्यावर त्या खुणेपुरतेंच, एक दोन हात, रंधून घ्यावें. त्यानंतर झडपेच्या वरच्या व खालच्या कडांस न विसरतां रंग अथवा जवसाचें उकळलेलें तेल द्यावें. ह्या दोन कडा डोळ्यांस दिसत नाहींत म्हणून रंगारी त्या बहुधा कोऱ्याच सोडतो. वस्तुतः लांकडाच्या रेषांचीं तोंडें तेथेंच उघडीं असल्यामुळें पाणी सर्वांत अधिक तेथूनच शिरतें. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. उन्हांत पसरून वाळवाव्या व मगच फेंकाव्या.

सागवान पाण्यापासून राखलें तर किती टिकतें ह्याचा पुरावा आमच्या शेजारींच आहे. कान्ह्याहून लोणावळ्याकडे जातां कामशेतनंतर मळवली स्टेशन लागतें. तेथून कार्ल्याच्या लेण्यांस जातां येतें. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस घोड्याच्या नालाच्या आकाराचें प्रचंड गवाक्ष आहे, आणि आंत छताच्या कमानीखालीं सागवानाच्या फासळ्या सुमारें दोन हजार वर्षांपासून आहेत. जवळच्या भाजें व बेडसें येथील लेण्यांत तर कारागिरांनीं लांकडी गवाक्षांची व जाळ्यांची नक्कल सबंध कातळांत कोरून ठेवली आहे, इतकें त्या काळीं लांकडाचें काम लोकांच्या डोळ्यांत भरलेलें होतें. कार्ल्याच्या फासळ्यांवर कातळाचें छत्र आहे. त्यांच्यावर पाणी सांचत नाहीं. आपल्या खिडकीवर कातळ नाहीं, पण वरची पागोळी नीट राखणें आणि खालच्या आडव्या लांकडावर पाणी सांचूं न देणें हें आपल्या हातीं आहे.

बिजागरीचा उपचार

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. साहित्य थोडकें लागतें: स्क्रूच्या डोक्याच्या खांचेंत बरोबर बसेल असा स्क्रूड्रायव्हर, एक गिरमीट, हातोडी, कांचकागद, पाण्यानें न सुटणारा सुतारकामाचा गोंद, आणि बांबूच्या कांहीं काड्या. खांचेपेक्षां लहान स्क्रूड्रायव्हर वापरणें हें सगळ्या अनर्थांचें मूळ आहे. त्यानें खांच झिजते आणि मग तो स्क्रू ब्रह्मदेवासहि निघत नाहीं.

कामास आरंभ करण्यापूर्वीं झडपेखालीं दोन पाचरी ठोकून तिचा भार त्यांवर घ्यावा. दोन्ही बिजागऱ्या एकदम कधींहि सोडूं नयेत. एक पुरी करून मगच दुसरीस हात लावावा. वरच्या मजल्यावर हें काम असेल तर दोघांनीं करावें, खालच्या अंगणांत कोणी नाहीं ह्याची खात्री करावी, आणि बाहेर ओणवें होऊन कोणतेंहि काम करूं नये. झडप पडली तर नवी करतां येते.

जुना स्क्रू हटून बसला असेल तर त्याच्या खांचेंतील रंग टोंकदार खिळ्यानें प्रथम खरडून काढावा. मग थेंबभर तेल सोडून रात्रभर वाट पाहावी. सकाळीं तो एकदम उलटा न फिरवितां आधीं किंचित् आणखी घट्ट करावा, म्हणजे गंजाची पकड सुटते, आणि मग उलटा फिरवावा. हा उपाय मला त्या वृद्ध सुतारांनीं शिकविला, व तो क्वचितच फसतो.

झिजलेलें भोंक असें भरावें. बांबूच्या काड्या गोंदांत बुडवून भोंकांत घट्ट ठोकाव्या. बांबू नसेल तर गुल काढून टाकलेल्या आगपेटीच्या काड्याहि चालतात. एक दिवस वाळूं द्यावें, बाहेर आलेलीं टोंकें कापून सपाट करावीं, मध्यभागीं गिरमिटानें बारीक भोंक पाडावें, आणि मगच स्क्रू पिळावा. बारीक भोंक न पाडतां स्क्रू ठोकणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. ठोकलेल्या स्क्रूचें मळसूत्र लांकूड कापीत न जातां त्यास फाडीत जातें, आणि त्याची पकड साध्या खिळ्याइतकीहि राहत नाहीं. वरच्या बिजागरीस पूर्वीच्यापेक्षां अर्धा इंच लांब स्क्रू घातल्यास तो ताज्या लांकडांत शिरतो व भार नीट धरतो. बिजागरीची खीळच झिजली असेल तर दुरुस्तीच्या नादीं न लागतां, जुनी बिजागरी दुकानांत बरोबर नेऊन, तिच्याच उंचीची नवी आणावी. म्हणजे लांकडांत नवी खांच घ्यावी लागत नाहीं.

येथें धातूंविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. माझ्या पहिल्या मुठीस मीं केलेला दुसरा अपराध असा कीं, मूठ पितळेची आणि स्क्रू लोखंडाचे घातले. दोन निरनिराळे धातु एकमेकांस लागलेले असून मध्यें ओल असली म्हणजे तेथें विजेचा एक लहानसा घटच तयार होतो. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा ह्यानें १८०० सालीं जगापुढें मांडलेल्या घटाचें मूलतत्त्व हेंच होय. अशा जोडींत लोखंड हा दुबळा भागीदार ठरतो व पितळेच्या संगतींत तो एरवींपेक्षां लवकर गंजतो. म्हणून पितळेच्या सामानास पितळेचेच स्क्रू घालावे. ते मऊ असल्यामुळें पिळतांना मोडतात. त्यावर युक्ति अशी कीं, त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधीं पिळून वाट करून घ्यावी, तो काढावा, आणि पितळेच्या स्क्रूस मेण चोळून त्या वाटेनें हलक्या हातानें बसवावा.

तेलासंबंधीं आमच्या घरांतील जुनी रीत खोबरेलाची. ती मला सोडावी लागली. खोबरेल तेल सुमारें चोवीस अंशांखालीं गोठतें, आणि मावळांतील हिवाळ्यांत सकाळचा पारा त्याच्या पुष्कळच खालीं असतो. शिवाय कालांतरानें तें चिकट होऊन धूळ धरतें. शिवणयंत्राचें पातळ तेल ह्या कामास उत्तम. बिजागरीच्या खिळेवर दोन थेंब सोडून झडप दहा वेळां उघडमीट करावी व वर आलेलें काळें तेल पुसून घ्यावें.

मूठ कशी निवडावी?

झडप सरळ झाली, बोल्ट एका बोटानें सरूं लागला, म्हणजे मगच मुठीकडे वळावें. मोडकी मूठ फेंकून न देतां दुकानांत बरोबर न्यावी. ती हरवली असेल तर एका भोंकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोंकाच्या मध्यापर्यंतचें अंतर, भोंकाची जाडी, आणि झडपेच्या लांकडाची जाडी अशीं तीन मापें कागदावर लिहून न्यावीं. शक्य असेल तेथें लांकडांत पिळण्याच्या स्क्रूंपेक्षां झडपेच्या आरपार जाऊन मागें चाकीनें आवळला जाणारा बोल्ट असलेली मूठ घ्यावी. ती लांकूड झिजलें तरी निसटत नाहीं.

मापापेक्षांहि महत्त्वाचा प्रश्न असा कीं, ती कोणाच्या हातासाठीं घ्यावयाची? दुकानांत आपण आपल्या हाताला शोभेल ती मूठ निवडतों. वाटोळी, गुळगुळीत, लहान बोंडाची मूठ दिसावयास देखणी असते. परंतु तिला पांचहि बोटांची पकड लागते, आणि संधिवाताच्या हातास नेमकें तेंच करतां येत नाहीं. अशा हातासाठीं पुलासारखी, चार पांच इंच लांब, आंतून सबंध पंजा जाईल अशी मूठ घ्यावी. तिच्या दांड्यांत आणि लांकडांत दीड इंच तरी मोकळी जागा असावी. निवडीची सोपी कसोटी ही कीं, हाताची मूठ मिटून, बोटें न वापरतां, ती खिडकी उघडतां येते कीं नाहीं तें पाहावें. उघडली तर ती ब्याऐंशी वर्षांच्या बाईस उघडेल, पांच वर्षांच्या मुलास उघडेल, आणि दोन्ही हातीं कपड्यांची बादली असलेल्या सुनेस कोंपरानेंहि उघडेल. बोल्टासहि हाच नियम लावावा. त्याचें शेपूट लांब असावें.

आणि मूठ कोठें बसवावी? जुन्या भोंकांच्या जागीं बसविली पाहिजे असा कांहीं धर्मशास्त्राचा निर्बंध नाहीं. आम्हीं वहिनींस त्यांच्या खाटेवर बसविलें, हात सहज लांबवावयास सांगितला, आणि बोटें जेथें टेकलीं तेथें माझ्या नातीनें खडूची रेघ ओढली. ती रेघ जुन्या भोंकांच्या तब्बल नऊ इंच खालीं आली! मूठ चांगली होती तेव्हांहि त्यांस ती उभ्यानें, टांचा उंचावूनच धरावी लागत असली पाहिजे, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. जुनीं भोंकें लांकडी खुंट्या व गोंद ह्यांनीं बुजवून वर रंग दिला. आज तीं शोधूनहि सांपडत नाहींत.

मात्र जेथें लहान मुलें आहेत तेथें हाच विचार उलट करावा लागतो. वरच्या मजल्यावरील, गज नसलेली खिडकी मुलास सहज उघडतां कामा नये; तेथें बोल्ट उंचावर असावा, आणि खिडकीखालीं पेटी किंवा खुर्ची असूं नये. ज्यांनीं सर्व खिडक्यांस लोखंडी जाळ्या बसविल्या आहेत त्यांनीं आगीच्या प्रसंगीं बाहेर पडतां यावें म्हणून एक तरी जाळी आंतून उघडणारी ठेवावी, आणि तिच्या कुलपाची किल्ली घरांतील प्रत्येकास ठाऊक असावी.

कांच आणि सरकत्या खिडक्या

मूठ ओढतांना तावदान वाजत असेल तर कांचेभोंवतींची लांबी सुटली आहे असें समजावें. सुटलेली लांबी पटाशीनें हलकेंच काढावी, खांचेस तेलाचा हात द्यावा (कोरडें लांकूड लांबींतील तेल शोषून घेतें व ती तडकते), आणि नवी लांबी अंगठ्यानें दाबून तिरपी उतरती करावी, म्हणजे पाणी थांबत नाहीं. हें काम करतांना हातांत जाड मोजे असावेत. कांचेवरून आठवलें: कान्ह्याच्या पुण्याकडील अंगास असलेल्या तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला, तो पैसा फंडाच्या द्रव्यांतून. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं दर माणशीं एक पैसा ह्या हिशेबानें वर्गणी जमविली, आणि लोकमान्य टिळकांचा त्या उद्योगास पाठिंबा होता. थोडें थोडें, पण नेमानें, हें तत्त्व ज्यांनीं कारखान्यास लावलें त्यांच्या शेजाऱ्यांनीं तें खिडकीस लावावयास हरकत नसावी. वर्षांतून दोन वेळां प्रत्येक खिडकीस पाव तास दिला तर दहा वर्षांनीं एकदम नव्या खिडक्या करण्याचा खर्च बहुतेक टळतो.

आमचे पुतणे पुण्यास सदनिकेंत राहतात. त्यांच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. “काका, तुमचें शास्त्र इथें चालायचें नाहीं,” असें त्यांनीं मला बजावलें. परंतु शास्त्र तेंच निघालें. त्यांचीहि मूठ तुटली होती, आणि तेथेंहि दोष मुठीचा नव्हता. सरकती खिडकी खालच्या पन्हळींतून लहान चाकांवर धांवते. पन्हळींत माती व केस सांचले, चाकें अडलीं, कीं ती ओढावयास दुप्पट जोर लागतो, आणि तो जोर मूठ सोसते. जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें पन्हळ स्वच्छ केली, चाकांच्या उंचीचे स्क्रू दोन्ही बाजूंस सारखे फिरविले, आणि पन्हळीच्या बाहेरील अंगास पाणी जाण्यासाठीं असलेलीं, मातीनें बुजलेलीं भोंकें काडीनें मोकळीं केलीं. पावसाचें पाणी खोलींत येतें ही त्यांची चार वर्षांची तक्रार त्या काडीनें मिटली. नवी मूठ मात्र जुनी बरोबर नेऊनच आणावी लागली. कारण सरकत्या खिडक्यांच्या मुठी व कड्या प्रत्येक बनावटीच्या निराळ्या असतात, आणि एकीची दुसरीस बसेलच असा भरंवसा नाहीं.

केव्हां व कोणीं?

घरांतील खिडक्यांची पाहणी करण्यास दोन काळ उत्तम: एक मृगापूर्वीं, म्हणजे जूनच्या आरंभीं, आणि दुसरा दसरा-दिवाळीच्या साफसफाईबरोबर. पहिल्या खेपेस स्क्रू आवळावे, तेल द्यावें, लांबी पाहावी, आंकड्या बसतात कीं नाहीं तें पाहावें. कारण एक सुटी आंकडी म्हणजे वादळी रात्रीं बिजागरीवर पडणारे शंभर हातोडे होत. दुसऱ्या खेपेस पावसाळ्यांत केलेल्या खुणांप्रमाणें तासणें, भरणें व रंगविणें करावें.

हें काम मुलांच्या हातीं द्यावें, आणि मुलांच्या म्हणजे मुलींच्याहि. माझ्या नातीनें खडूची रेघ ओढली तेवढ्यावर ती थांबली नाहीं. दिवाळीच्या सुट्टींत तिनें घरांतील चौदा खिडक्यांची यादी केली, प्रत्येकीपुढें दोष लिहिला, आणि खालच्या मजल्यावरच्या सहा बिजागऱ्या माझ्या देखरेखीखालीं स्वतः बसविल्या. परंतु त्या यादींत मला सर्वांत मोलाचा वाटला तो तिचा शेवटचा रकाना. त्यांत तिनें प्रत्येक खिडकीपुढें ‘ही कोण उघडतें?’ असें विचारून नांव लिहिलें होतें. तीन खिडक्यांपुढें ‘कोणीच नाहीं’ असें आलें. त्यांतील दोन खिडक्यांची गरज खरोखरीच नव्हती. तिसरी माजघरांतील, आणि ती कोणी कां उघडीत नाहीं हें विचारतां कळलें कीं तिची कडी गेलीं पांच वर्षें अडकली आहे व स्वयंपाक करणाऱ्या सर्वजणी धूर सोशीत आल्या आहेत.

वहिनींची खिडकी कार्तिकांत पुरी झाली. त्या दिवशीं सकाळीं त्यांनीं खाटेवर बसल्या बसल्या मिटलेल्या मुठीनें ती ओढली. समोर कापणीस आलेलीं भाताचीं खाचरें, आणि त्यांपलीकडे, खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत १८५८ सालीं सुरू झालेला आमचा जुना लोहमार्ग. मुठीविषयीं त्या कांहींच बोलल्या नाहींत. थोडा वेळ बाहेर पाहून म्हणाल्या, “भावोजी, लोकल आज उशिरां आहे वाटतें.” दोन वर्षांनीं प्रथमच त्यांस गाडीची वेळ डोळ्यांनीं कळली होती.

वाचकांस माझी विनंती एवढीच कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर आपल्या घरांतील वडील माणसाच्या खोलींत जावें आणि तेथील खिडकी, हिसका न देतां, मिटलेल्या मुठीनें उघडून पाहावी. ती उघडली नाहीं तर नवी मूठ आणावयास लगेच धांवूं नये. झडपेची मोकळी कड दोन बोटांनीं वर उचलून पाहावी.